आंग्रे हे जहाज आहे की नाही?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. १९७१च्या युद्धात बुडालेल्या 'खुकरी' या युद्धनौकेचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यावरच्या लेखात मी 'त्यांनी राणा, आंग्रे आणि खुकरी ही जहाजं चालवली' असं लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, आंग्रे ही मुंबईच्या फोर्टातली नौदलाची जागा आहे, एवढंही ठाऊक नसेल तर नौदलावर लिहू नये. शिवाय खुकरी बुडाली त्यात कॅप्टनचाही दोष होता, तो मी झाकला.

आधी आंग्रे. चूक आहेच, पण ती 'चालवली' या क्रियापदात. शहीद भगतसिंग मार्गावरच्या त्या वास्तूला चालवणार कोण? पण नौदलाच्या दफ्तरी ते जहाजच. इंग्रजांच्या काळात नौदलाच्या शिस्तीचा कायदा लागू व्हायला माणसाचं नाव कुठल्या तरी जहाजाच्या पटावर असावं लागे. मग बराकीत राहणाऱ्यांचं काय? बराकीलाच जहाज ठरवून टाकलं! आपण ती पद्धत तशीच ठेवली. म्हणून तिथे जमिनीला डेक म्हणतात, स्वयंपाकघराला गॅली, आणि फाटकाबाहेर चहाला निघालेला नौसैनिकसुद्धा 'किनाऱ्यावर' जातो. १९४६चा नौसैनिकांचा उठाव ज्या 'तलवार'वर सुरू झाला, तीही कुलाब्यातली संदेशवहन शाळाच होती. तिला कधी लाट लागली नाही.

मुल्लांची दोन वर्षं या आंग्रेवर गेली. त्याआधी राणा ही दुसऱ्या महायुद्धातली जुनी विनाशिका त्यांच्या हाताखाली होती, मधली काही वर्षं लंडनच्या उच्चायुक्तालयात गेली, आणि फेब्रुवारी १९७०मध्ये ते खुकरीवर आले. जमिनीवरची वर्षं गाळली तर अधिकाऱ्याची निम्मी नोकरी गाळल्यासारखं होईल, म्हणून आंग्रेचं नाव मी काढणार नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र तुमचं बरंचसं पटलं. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवजवळ खुकरीचा वेग सोनारच्या, म्हणजे आवाजावरून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रणेच्या, एका नव्या उपकरणासाठी कमी ठेवला होता, आणि संथ जहाज पाणबुडीला टिपायला सोपं. हे मी लिहायलाच हवं होतं. पण सगळं खापर एका माणसावर फोडता येत नाही. खुकरीचं सोनार जुनं. समोरच्या पाकिस्तानी 'हंगोर' पाणबुडीला खुकरीची चाहूल कितीतरी लांबून लागत होती. सोबतची युद्धनौका कुठार बॉयलर खोलीतल्या स्फोटामुळे आधीच बाद झाली होती. उरली किरपाण. पहिला टॉर्पेडो तिच्यावर सुटला, तो फुटलाच नाही. पुढचा खुकरीला लागला. काही मिनिटांत १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. मुल्लांनी स्वतःचं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं होतं. हे वाचलेल्यांनीच सांगितलेलं आहे, माझं कौतुक त्यात मिसळलेलं नाही.

लेखात आता 'चालवली'च्या जागी 'यांची कमान सांभाळली' असं केलंय. वेगाबद्दलचा परिच्छेद आज रात्री घालतो. तेवढा पुन्हा एकदा तपासून द्याल का?