कावळा शिवेना

गेल्या रविवारी साताऱ्याजवळ, कृष्णाकाठच्या संगम माहुलीच्या घाटावर एका अनोळखी माणसाच्या दहाव्याला कावळा शिवला नाही, आणि तो माझ्यामुळे शिवला नाही यावर तिथं जमलेल्या समस्त भावकीचं एकमत झालं. एरवी बांधाच्या दगडावरून कोर्टात जाणारी भावकी, पण माझ्या बाबतीत कुणाचंही दुमत नव्हतं.

मला दगडगोटे जमवायचा नाद आहे. का, ते विचारू नका. घरच्यांनी विचारणं कधीच सोडून दिलंय. पंचाईत अशी की सातारा जिल्हा म्हणजे सगळा काळा पाषाण. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत गेले, त्यातूनच आपला अजिंक्यतारा आणि यवतेश्वर उभे राहिले. उकळत्या लाव्हात हाडं शाबूत ठेवून कोण मरणार? तरी पाहुणे शोकेससमोर उभे राहून हमखास विचारतात, "यात डायनासोरचं कुठलं?" डायनासोर तिकडं, गुजरातेत बालासिनोरला, नाहीतर चंद्रपूरकडं पिसदुऱ्याला. आमच्याकडं गारगोट्या. पाहुणे चहा अर्धा ठेवतात.

हाडांची आशा करायची तर नदीच्या जुन्या गाळात. नदीनं हजारो वर्षांपूर्वी टाकलेली वाळू आणि गोटे चुनखडीनं घट्ट धरून ठेवलेले असतात, आणि त्यात कधीमधी एखादं जनावर सापडतं. गोदाकाठी नांदूर मधमेश्वरला हत्ती सापडला. घटप्रभेकाठी गोकाकजवळ ब्रूस फूट या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञ साहेबाला गेंडा सापडला, आणि घटप्रभा शेवटी मिळते ती आपल्या कृष्णेलाच. नर्मदाकाठी हथनोऱ्याला 1982 साली भूगर्भशास्त्रज्ञ अरुण सोनकियांना तर माणसाचीच कवटी मिळाली. मग मला एखादं बैलाचं हाड मिळायला काय हरकत होती?

आणि मिळालं! संगमाच्या जरा वर, दरडीतून ढासळलेल्या गोट्यांत. तळहाताएवढा तुकडा, रंग चिंचोक्यासारखा, एका अंगाला चुनखडीचं पांढरं पुट आणि तुटलेल्या कडेला बारीक बारीक जाळी. वजन मात्र दगडाचं. आता अशा वेळी खात्री करायची एक जुनी गावठी तपासणी आहे. जीभ लावायची. हाडाला बारीक छिद्रं असतात, ती ओल शोषून घेतात, त्यामुळं हाड जिभेला चिकटतं. साधा दगड बहुधा चिकटत नाही. यात लाजण्यासारखं काही नाही, मोठमोठी अभ्यासू माणसंही हे करतात. फक्त ती स्मशानाशेजारी करत नसावीत.

मी जीभ लावली. चिकटली. त्या आनंदात डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा समोर पांढऱ्या टोपीतले एक मामा तंबाखू मळायचे थांबून माझ्याकडं बघत होते.

"काय खाताय वो पावणं?"

"खात नाही मामा. तपासतोय."

"चाटून?"

"हो."

"हाड हाय न्हवं ते?"

"हो."

"कुणाचं?"

"बैलाचं असावं."

या 'असावं'नं घात केला. शास्त्रात असंच बोलायचं असतं, छातीठोक सांगायचं नसतं. पण मामांना शास्त्राशी कर्तव्य नव्हतं. "म्हंजी कुणाचं ते नक्की म्हाईत न्हाई, आन् चाटताय?" एवढं बोलून ते घाटाकडं वळले आणि त्यांनी हाळी दिली, "आरं, हिकडं या! घावलं कारण!"

तिकडं काय चाललं होतं ते मला तेव्हा कळलं. पिंड मांडून बराच वेळ झाला होता. दहीभात, वडे, शेव, शिवाय मयत आण्णांची आवडती तंबाखूची पुडी, तीही फोडून ठेवलेली. समोरच्या पिंपळावर कावळे मुबलक, पण एकही खाली उतरेना. थोरल्या मुलानं हात जोडून धाकट्याचं लग्न लावून द्यायचं कबूल केलं होतं. धाकट्यानं ट्रॅक्टरचे हप्ते आपण भरू म्हणून सांगितलं होतं. एका सुनेनं तर सासूला शेवटपर्यंत सांभाळीन असा शब्द दिला, तेव्हा कावळे उलट आणखी वरच्या फांदीवर गेले म्हणे. आता फक्त विहिरीच्या वाटणीचा शब्द द्यायचा राहिला होता, आणि तो कुणालाच द्यायचा नव्हता. अशा नाजूक वेळी मी हाड चाटताना सापडलो. दोन्ही भावांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी विसरणार नाही.

"किती दिसांचं हाय हे?" मामांनी उलटतपासणी पुन्हा सुरू केली.

"दिवस कसले मामा, दहा-वीस हजार वर्षांचं तरी असेल."

मामांनी तंबाखूची चिमूट ओठात सोडली आणि शांतपणे विचार केला. "मग त्येचा धावा कुनी घातला नसंल."

"बैलाचा?"

"कुनाचा का असंना. त्यो हितं इतकी वर्सं ताटकळत बसलाय. त्येला सोडून आमच्या आण्णास्नी आदी कसं जाऊ देईल?"

तर्क बिनतोड होता. मी गुरुजींकडं आशेनं पाहिलं. चष्मा लावलेले, शिकलेले दिसत होते. ते म्हणाले, "अस्थी हाती लागली की विसर्जन करावं. घरी नेऊ नये."

"पण गुरुजी, बैल आहे हो!"

"नंदीही बैलच आहे."

मग मी इतिहास काढला. म्हटलं, याच माहुलीत साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. इथं मुक्या जनावराचा मान ठेवायची रीतच आहे. मी या बैलाचा मानच ठेवतोय. त्याला पुसून, कापसात गुंडाळून, चिठ्ठी लावून काचेच्या कपाटात ठेवणार आहे.

"त्या खंड्याला कुनी चाटलं हुतं का?" मामा म्हणाले. विषय संपला.

खरं सांगू, मला राग हाडाचा नाही आला. राग दुसऱ्याच गोष्टीचा आला. याच नदीत रात्री डंपर उतरतात. वाळू जाते, वाळूबरोबर जुने गोटे जातात, त्यात जे काही हत्ती-गेंडे-बैल असतील ते कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसतात. नदीचा काठ खचतो, विहिरींचं पाणी तळाला जातं. तेव्हा ना कुणी हाळी देत, ना कुणाला अस्थी दिसतात. डंपर कुणाचा हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, म्हणूनच कुणी विचारत नाही. माझ्या हातातला तळहाताएवढा तुकडा मात्र कुणाचा, याची जाहीर चौकशी. मी हे तिथं बोललोही. त्यावर मागं उभ्या एका तरण्या पोरानं खाली मान घालून मोबाईल काढला, आणि मामांनी घाईघाईनं विषय बदलून मला पायताण काढायला सांगितलं.

तर मला गुडघाभर पाण्यात उभं केलं. एका आत्याबाईंनी हाडावर तीळ टाकले. गुरुजींनी गोत्र विचारलं. मी म्हटलं, माझं की बैलाचं? तर म्हणाले, ज्याचं माहीत असेल त्याचं सांगा. "सोडा. आन् मागं वळून बघायचं न्हाई," आत्याबाईंनी बजावलं. मी सोडलं. डुबुक असा आवाज आला. वीस हजार वर्षं तग धरलेलं हाड माझ्या हातात अर्धा तासही टिकलं नाही.

सगळे पिंपळाकडं बघू लागले. कावळेही आमच्याकडं बघत होते. पाच मिनिटं गेली, दहा गेली. एक कावळा उडाला, तोही पलीकडं क्षेत्र माहुलीच्या बाजूला. शेवटी गुरुजींनी घड्याळ पाहिलं, त्यांना पुढं आणखी एक दहावा होता. त्यांनी दर्भाचा कावळा वळला, पिंडाला शिववला आणि 'झालं' म्हणून पंचा झटकला. विहिरीच्या वाटणीचा शब्द कुणी दिला नाही तो नाहीच.

मी म्हटलं, "अहो गुरुजी, दर्भाचाच करायचा होता तर आधी का नाही केलात? माझं हाड..."

"प्रयत्न करावा लागतो," गुरुजी म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

मी बूट घालत होतो तेव्हा मामा पुन्हा शेजारी येऊन बसले. पानावर वाढलेला एक वडा त्यांनी मला दिला. थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "पावणं, राग मानू नगा. आमच्या रानात औंदा हीर खांदली. चाळीस फुटावर पाषाणात पोकळी लागली, आन् त्यात निसतं काचंवानी चौकोनी खडं. हिरवट झाक हाय. ल्योक म्हनतो टाकून देऊ. तुमी बघता का?"

माझ्या हातातला वडा तसाच राहिला. हिरवट झाक, चौकोनी, पाषाणाच्या पोकळीत! ॲपोफिलाईट असणार, काळ्या पाषाणाच्या पोकळीत मिळणारं ते स्फटिकांचं खनिज, दुसरं काय असेल! त्यासाठी परदेशातून माणसं पैसे मोजतात. मी मुकाट्यानं मोबाईल काढला आणि त्यांचा नंबर लिहून घेतला. नाव टाकलं, 'मामा कावळा'.

"येत्या रविवारी येतो," मी म्हटलं.

"या की. पर एक अट हाय," मामा उठता उठता म्हणाले. "हिरीवर मंडळी आसत्यात. बाया-मानसं आसत्यात. तितं काय चाटायचं न्हाई."