सीटी स्कॅन नॉर्मल, मग रक्तप्रवाहाचं काय?

परखड प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप दोन आहेत: कन्कशनमध्ये, म्हणजे डोक्याला मार किंवा हिसका बसून मेंदूचं काम तात्पुरतं बिघडतं तेव्हा, सीटी स्कॅन नॉर्मल येतो, तर मेंदूचा रक्तप्रवाह घटतो हे मी आधीच्या लेखात कशाच्या जोरावर लिहिलं, आणि पूर्वी मुलं डोकं झटकून पुन्हा खेळायची, मग आताच्या पालकांना घाबरवायचं कशाला?

सीटी स्कॅन काढतात तो रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर नाही ना, हे पाहायला. कन्कशनमध्ये बिघडतं ते पेशींचं कामकाज. डोक्याला जोरदार हिसका बसला की चेतापेशींतलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. ते पूर्ववत करायला पेशींचे पंप ग्लुकोज भराभर जाळू लागतात आणि नेमका त्याच काळात रक्तपुरवठा मंदावतो. वजनाने शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण सुमारे 20 टक्के ऑक्सिजन वापरणाऱ्या अवयवाला ही तूट जाणवणारच. हा क्रम मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांतून उलगडला, हे खरं. पण रक्तातल्या पाण्यालाच चुंबकीय खूण करणाऱ्या एमआरआय तंत्राने खेळाडूंमध्येही प्रवाह घटलेला दिसला आहे. काहींमध्ये तर डोकेदुखी थांबल्यानंतरही. हा पक्षाघात नव्हे, पेशी मरण्याइतकी ही घट नसते. ‘मग हा पक्षाघातच का?’ ही तुमची शंका रास्त होती.

डोकं झटकून खेळण्याबद्दल: 2019 च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. तपासणीत तो पास झाला, पुन्हा फलंदाजीला उतरलाही. लक्षणं दिसली ती दुसऱ्या दिवशी, आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला. संघाचा डॉक्टर हाताशी असताना ही गत. शाळेच्या मैदानावर तर बहुधा डॉक्टरच नसतो.

घाबरवण्याचा आरोप मात्र मला मान्य नाही. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहा, असं मी कुठेच लिहिलेलं नाही. खेळांतल्या कन्कशनवरच्या 2022 च्या अ‍ॅमस्टरडॅम परिषदेनंतरची शिफारस पहिले 24 ते 48 तास सापेक्ष विश्रांती (म्हणजे पडून न राहता रोजची हलकी कामं चालू ठेवणं) आणि मग हलका व्यायाम अशीच आहे. व्यायामात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. कन्कशननंतर हे नियंत्रण गडबडू शकतं. धावल्यावर डोकं ठणकतं त्यामागे हेही एक कारण मानलं जातं. म्हणून वेग हळूहळू वाढवायचा, लक्षणं फार वाढली की थांबायचं.

आणि नाही, मुलाचा रक्तप्रवाह मोजणारा एमआरआय काढून घ्या असं मी सुचवत नाही. ते तंत्र सध्या संशोधनापुरतंच आहे; एका मुलाच्या आकड्यावरून त्याला मैदानात पाठवायचं की नाही, हे ठरत नाही.