गोल कुणी मारला ते नंतर, आधी बॅलन्स शीट दाखव

परवा एक गोल हुकला. म्हणजे मारणाऱ्याचा नाही, त्याने बरोबर मारला, माझा बघायचा हुकला. शहात्तराव्या मिनिटाला बॉल डाव्या बाजूने आत येत होता तेव्हा मी टीव्हीकडे पाठ करून बसलेलो, कारण सोफ्यावरचा चेल्सीवाला आणि सतरंजीवरचा आर्सेनलवाला (इंग्लंडातले दोन क्लब, हे दोघं त्यांचे भक्त) यांच्यात एका खेळाडूची किंमत पाच वर्षांत वाटायची की आठ यावरून जुंपली होती आणि पंच म्हणून मला ओढलं होतं. "तूच सांग, शंभर भागिले आठ किती?" मी मनातल्या मनात साडेबारा काढेपर्यंत कॉमेंटेटर किंचाळला. वळून बघतो तर अख्खी टीम एकमेकांच्या अंगावर पडलेली. रिप्लेसुद्धा धड दिसला नाही, आर्सेनलवाला टीव्हीसमोर उभा राहून बोटांवर हिशोब दाखवत होता.

शाळेत गणितात मी कायम काठावर. फुटबॉलच्या नादी लागलो त्याचं एक मोठं कारण हेच की इथे रन रेट नाही, डकवर्थ-लुईस नाही, एक बॉल, दोन जाळ्या, ज्याचे गोल जास्त तो जिंकला, घरी जा. वीस-बावीस वर्षं सुखात गेली हो. आणि आता बघा, आमच्या घरी मॅच बघायला जमणाऱ्या सात जणांपैकी एकालाही विचारा की आपला लेफ्ट बॅक कोण, दोन मिनिटं डोकं खाजवेल, पण त्याचं अमॉर्टायझेशन, म्हणजे त्याच्या किमतीतले हिशोबात लिहायचे हप्ते, किती उरलंय ते झोपेतून उठवलं तरी सांगेल.

माझा क्लब कुठला ते मी इथे सांगणार नाहीये. सांगितलं की पुढचं कोणी वाचत नाही, "हां, म्हणूनच असं म्हणतोय" म्हणून मोकळे होतात. या विषयात माणसाचं मत आधी ऐकायचं नसतं, आधी क्लब विचारायचा, मग मत काय असेल ते त्याने तोंड उघडायच्या आत आपणच लिहून काढू शकतो.

तर ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युरोपातल्या फुटबॉलचा कारभार बघणाऱ्या युएफाने २०११-१२ च्या सीझनपासून फायनान्शियल फेअर प्ले आणलं, म्हणजे कमवाल त्याच्या आसपासच उडवा. मग २०१३ मध्ये प्रीमियर लीगने, म्हणजे इंग्लंडातल्या सगळ्यात वरच्या लीगने, स्वतःचं काढलं, त्याला पुढे पीएसआर म्हणायला लागले, लांबलचक नाव आहे, प्रॉफिट अँड सस्टेनॅबिलिटी रूल्स. तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १०५ मिलियन पौंड तोटा चालेल, त्याच्यावर गेलात की चौकशी. नियमाच्या नावात प्रॉफिट आहे आणि आत तोटा किती करायला परवानगी आहे ते लिहिलंय, ही गंमत मला एकट्यालाच येते, बाकी कोणी हसत नाही. स्टेडियम, ॲकॅडमी, महिला संघ यांच्यावरचा खर्च त्यात धरत नाहीत. इथपर्यंत मला कळलं. पण खेळाडू विकत घेतला की त्याची किंमत कराराच्या वर्षांत वाटून लिहायची आणि विकला की त्या विक्रीचा नफा मात्र एका झटक्यात त्याच वर्षी दाखवायचा, हे भाच्याने तीन वेळा समजावलं. "मामा, सोपंय रे, घेताना हप्त्याने, विकताना रोख." मी म्हटलं ही तर गावातल्या सगळ्यात बेरकी माणसाची पद्धत झाली, तो म्हणाला हां, तेच, आता तुला फुटबॉल कळायला लागलं.

खरं दुखणं सुरू झालं २०२३ च्या नोव्हेंबरात. एव्हर्टनचा तोटा १२४.५ मिलियनवर गेला म्हणून त्यांचे दहा पॉइंट कापले. फेब्रुवारीत अपिलात दहाचे सहा झाले, म्हणजे मॅच न खेळता, कुणाला घाम न येता टीम टेबलात वर सरकली. मार्चमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार गेले, एप्रिलमध्ये एव्हर्टनचे आणखी दोन. त्या सीझनला मी टेबल पाठ करणं सोडून दिलं. आमच्याकडचा एव्हर्टनवाला तर गोल झाला तरी उठायचा नाही, म्हणायचा थांब, पॉइंट कापणाऱ्या कमिशनचं काय म्हणणं आहे बघू. त्या दिवसांत एकदा मॅच संपल्यावर बायकोने आतून विचारलं, कोण राहिलं रे वर, कोण गेलं खाली? म्हटलं अजून नक्की नाही. "मॅचेस संपत आल्या ना?" मॅचेस संपत आल्या गं, अपील बाकी आहे. ती काही बोलली नाही, फक्त दार लावून घेतलं.

फॉरेस्टचं प्रकरण तर असं की आमच्यात त्यावरून दोन जण आठवडाभर बोलत नव्हते. त्यांनी ब्रेनन जॉन्सनला १ सप्टेंबर २०२३ ला टॉटनहॅमला विकलं, ४७ मिलियनच्या वर आले. पण हिशोबाचं वर्ष संपलेलं ३० जूनला. जूनमध्ये घाईत विकला असता तर पैसे कमी आले असते पण नियमात बसले असते, थांबले तर पैसे जास्त आले आणि पॉइंट गेले. म्हणजे नियम कशासाठी, तर क्लबने शहाण्यासारखा व्यवहार करावा म्हणून, आणि शिक्षा कशाची, तर शहाण्यासारखा व्यवहार केल्याची. मी हे मोठ्या तावातावाने मांडलं तर लिव्हरपूलवाला शांतपणे म्हणाला, मग आधी उधळायचेच कशाला. याच्यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

तेव्हापासून ३० जून हा आमच्यात सणासारखा पाळला जातो. २०२४ चा जून आठवतो ना? त्या दिवसांत क्लब एकमेकांची पोरं अशी अदलाबदल करत होते जसं काही पत्त्यातली पानं. चेल्सीचा माटसेन ॲस्टन व्हिलाकडे, व्हिलाचा केलीमन चेल्सीकडे, व्हिलाचा इरोएग्बुनम एव्हर्टनकडे, एव्हर्टनचा डॉबिन व्हिलाकडे. घरच्या ॲकॅडमीतला मुलगा विकला की त्याची खरेदी किंमत शून्य, म्हणून आला पैसा तो सगळाच्या सगळा नफा. म्हणजे लहानपणापासून वाढवलेलं, क्लबचं गाणं पाठ असलेलं पोरगं सगळ्यात आधी बाजारात. न्यूकॅसलवाला त्या दिवशी खरंच रडवेला झाला होता, त्यांचा इलियट अँडरसन गेला. हा न्यूकॅसलवाला म्हणजे एक स्वतंत्र करुण कहाणी आहे, २०२१ मध्ये सौदीचा फंड मालक झाला तेव्हा याने सगळ्यांना मिठ्या मारल्या होत्या, आणि तेव्हापासून भरलेल्या तिजोरीसमोर किल्ली हरवलेल्या माणसासारखा बसलेला असतो. "पैसा आमचा, खर्च आम्ही करणार, तुमच्या पोटात का दुखतं?" हे वाक्य तो दर ट्रान्सफर विंडोला, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या मोसमात, किमान चाळीस वेळा म्हणतो.

वाद हाताबाहेर गेले तसा आर्सेनलवाल्याने आपला एक सीए मित्र आणायला सुरुवात केली. खराखुरा सीए. फुटबॉलचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही, पहिल्या दिवशी आल्या आल्या त्याने विचारलं यातले आपले कुठले. आणि हा माणूस बघता बघता आमच्यातला सगळ्यात मानाचा पाहुणा झाला, त्याला सोफ्याची मधली जागा, त्याला उशी. मी वीस-बावीस वर्षं मॅचेस बघतोय, माझ्या घरात मला उशी नाही.

चेल्सीची हॉटेलं निघाली ती रात्र याच सीएमुळे लक्षात आहे. चेल्सीने आपल्या स्टेडियममधली, स्टॅमफर्ड ब्रिजमधली, दोन हॉटेलं ७६.५ मिलियन पौंडांना आपल्याच मालकाच्या दुसऱ्या कंपनीला विकली आणि तो नफा हिशोबात धरला. पुढे महिला संघही तसाच आपल्याच घरात विकला. सीए बिचारा दहा मिनिटं गप्प होता, नंतर म्हणाला "हे सुंदर आहे." माणूस गोल बघून कधी हलला नाही, पण इथे त्याचा आवाज भरून आला होता. मी बायकोला हा प्रकार सांगितला तर ती म्हणाली, म्हणजे मी माझी गाडी तुला विकायची, पैसे आपल्याच घरात, गाडी आपल्याच दारात, आणि बँकेला सांगायचं आमची परिस्थिती सुधारली? म्हटलं अगदी बरोबर. "मग इतकी वर्षं आपण का नाही केलं हे?" युएफाच्या नियमात मात्र असली घरातल्या घरातली विक्री चालत नाही, २०२५ मध्ये त्यांनी चेल्सीला एकूण ३१ मिलियन युरोचा दंड ठोकला, तेव्हा आमचा चेल्सीवाला छाती काढून म्हणाला, दंड भरायची ऐपत लागते.

मँचेस्टर सिटीवाला या सगळ्यात वेगळाच. तो वाद घालत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांच्या क्लबवर प्रीमियर लीगचे पैशांचे नियम मोडल्याचे ते प्रसिद्ध ११५ आरोप आले, क्लबने सगळे नाकारले, सुनावणी सुरू झाली २०२४ च्या सप्टेंबरात, संपली डिसेंबरात, आणि मग महिनोन्महिने नुसती शांतता. याआधी युएफाने घातलेली दोन वर्षांची बंदी २०२० मध्ये क्रीडा लवादाने उठवली होतीच. त्यामुळे कोणी काही बोललं की हा फक्त एवढंच म्हणतो, "निकाल लागला का?" आणि परत मॅच बघतो. आमच्यात शांतपणे मॅच बघणारा तो एकटाच आहे, हे मला फार लागतं.

आमच्यात एक वयस्कर काका येतात, ते म्हणतात हे काय नवीन नाही रे पोरांनो, इंग्लंडात १९०१ पासून खेळाडूच्या पगारावर मर्यादा होती, आठवड्याला चार पौंड, आणि १९६१ ला उठली तेव्हा वीस पौंडावर होती. उठल्या उठल्या फुलहॅमने जॉनी हेन्सला शंभर दिले. काका हे दर वेळी सांगतात आणि दर वेळी "शंभर" म्हणताना असे डोळे मोठे करतात जसे काही स्वतःच्या खिशातून गेलेत. पण एकदा त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. बरी नावाचा क्लब, १८८५ चा, मँचेस्टरच्या जवळचा. १९०३ ची एफए कप या इंग्लंडातल्या स्पर्धेची फायनल त्यांनी ६-० ने जिंकली, फायनलमधला तो फरक पुढे ११६ वर्षं कोणालाच गाठता आला नाही. गाठला तो मे २०१९ मध्ये, शेजारच्याच मँचेस्टर सिटीने. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बरीला पैशांच्या घोळापायी इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधून काढून टाकलं. वादाच्या भरात हे ऐकून सगळे गप्प झाले. न्यूकॅसलवालासुद्धा. साधारण दीड मिनिट. मग कोणीतरी नेट स्पेंड, म्हणजे खेळाडूंची खरेदी वजा विक्री, हा शब्द उच्चारला.

आता माझंही सांगून टाकतो, उगाच साधू असल्याचा आव नको. मी या नियमांच्या बाजूने आहे. मनापासून. छोटे क्लब वाचले पाहिजेत, पैशाची मस्ती उतरली पाहिजे, वगैरे सगळं मी सप्टेंबर ते मे छान बोलतो. पण ऑगस्टात माझ्या क्लबला स्ट्रायकर हवा होता, बोलणी झालेली, मेडिकल ठरलेली, आणि बातमी आली की हिशोबात बसत नाही म्हणून थांबलंय, त्या रात्री मी जे काही बोललो ते भाच्याने रेकॉर्ड करून ठेवलंय. त्यात "आमचा पैसा" हा शब्द चार वेळा आहे. माझा त्या क्लबात एक पैसा नाही. एक टी-शर्ट आहे, तोही मागच्या का मागच्या मागच्या सीझनचा, पाठीवर ज्याचं नाव आहे तो नफ्यासाठी विकला गेला.

तर गोष्ट अशी की एवढं सगळं करून, दोन वर्षं घालवून, मला पीएसआर शेवटी पूर्ण कळलं. खरंच कळलं. मी एकदा सीएची चूक काढली, भर बैठकीत, १०५ तीन वर्षांचे आहेत साहेब, एका वर्षाचे नाहीत. टाळ्या पडल्या. आणि त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी मत देऊन ठरवलं की २०२६-२७ पासून पीएसआर बंद, नवीन नियम येणार, टीमवरचा खर्च कमाईच्या ८५ टक्क्यांपर्यंत. युरोपात खेळणाऱ्यांना युएफाचे ७० टक्के आहेतच, ते वेगळे. म्हणजे तोटा मोजायचा नाही, टक्के मोजायचे. भाचा म्हणाला मामा, सोपंय रे. मी हात जोडले.

गेल्या शनिवारी सगळे जमले होते. नव्या नियमात हॉटेल विकून चालणार का, कोच त्या ८५ टक्क्यांत धरायचा का, असलं काहीतरी जोरात चाललेलं, भाचा कागदावर आकडे मांडत होता, काका चार पौंडांवर पोचले होते. सीए मात्र उशी मांडीवर घेऊन एकटक टीव्हीकडे बघत बसलेला. आत गोल झाला, मग लाइन्समनचा झेंडा वर गेला, गोल रद्द. त्याने हळूच माझी बाही ओढली.

"हे ऑफसाइड म्हणजे नक्की काय असतं हो? मला खरंच आवडायला लागलंय हे."

"ते सांगतो रे नंतर, सोपं असतं," मी म्हटलं, "आधी मला हे सांग, खेळाडू लोनवर दिला तर त्याचा पगार कुणाच्या टक्क्यात जातो?"