खुलासा: बलं संतुलित असली म्हणजे वस्तू थांबलेलीच असते, असं नाही

‘लिफ्ट वर जात असते तेव्हा वरचं बल वजनापेक्षा जास्तच असतं, दोन्ही सारखी झाली तर ती जागीच थांबेल’ असं सांगणारा मेसेज दहावीच्या मुलांमध्ये फिरतोय. तो चुकीचा आहे.

स्प्रिंगचा, गोल तबकडीचा वजनकाटा लिफ्टमध्ये ठेवा. डिजिटल नको, तो बहुधा एक आकडा दाखवून तिथेच अडकतो. ६० किलोचा माणूस त्यावर उभा राहिला की खालून ५८८ न्यूटन बल लागतं; खालून लागणारं हेच बल काटा ‘६० किलो’ म्हणून दाखवतो. लिफ्ट वर निघताना, त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं, तर काटा ६६ च्या आसपास जातो. मग वेग स्थिर होतो आणि काटा परत ६० वर येतो. मजले तर सरकतच असतात! थांबण्याआधी, तेवढ्याच दराने वेग कमी होताना, तो ५४ पर्यंत उतरतो.

म्हणजे असंतुलित बल लागतं ते वेग बदलायला. वेग टिकवायला नाही. गोंधळ होतो तो घर्षणामुळे: ढकलणं सोडलं की कपाट थांबतं, कारण तेव्हा फरशीचं घर्षण एकटंच उरतं, बलं संतुलित नसतात.

काटा मात्र उंच इमारतीत बघा. दोन मजल्यांत मधला टप्पा हाती लागत नाही.