ड्रायव्हर २००६ चा दिसला म्हणून घाबरू नका

एक मेसेज परत फिरायला लागलाय, आमच्या फॅमिली ग्रुपवर तर तिसऱ्यांदा आला. त्यात म्हटलंय की तुमच्या कॉम्प्युटरमधले ड्रायव्हर (म्हणजे कीबोर्ड, वायफाय, साउंड अशा प्रत्येक पार्टला विंडोजशी जोडून चालवणारे छोटे प्रोग्राम) २००६ सालचे आहेत म्हणून तो स्लो चालतो, विंडोज ते स्वतःहून अपडेट करत नाही, तेव्हा खालचं फ्री ॲप टाका, दर महिन्याला एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर नवे करा, स्पीड डबल आणि व्हायरसची भीती नाही. शेवटी हात जोडलेले आणि 'जनहितार्थ'. आमच्या काकांनी जनहितार्थ ते ॲप टाकलं, ती गोष्ट पुढे येईलच.

आधी ते २००६ चं प्रकरण, कारण लोक खरे घाबरतात ते तिथेच. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली सगळ्या पार्टची यादी, उघडा, कीबोर्ड, माउस, डिस्क ड्राइव्ह कशावरही राइट क्लिक करून प्रॉपर्टीज आणि मग ड्रायव्हर टॅब बघा, बहुतेक ठिकाणी तारीख दिसेल २१ जून २००६. मागच्या वर्षी घेतलेल्या लॅपटॉपवरही हीच. आता कोण असा वेडा आहे की नव्या लॅपटॉपमध्ये व्हिस्टा या जुन्या विंडोजच्या काळातलं सॉफ्टवेअर भरेल? ती तारीख मायक्रोसॉफ्टने मुद्दाम टाकलेली असते. विंडोजला एकाच पार्टसाठी दोन ड्रायव्हर सापडले आणि दोन्ही सारखेच जुळत असले, तर ज्याची तारीख नवी तो निवडला जातो. मग विंडोजसोबत येणाऱ्या साध्या ड्रायव्हरवर खरी तारीख टाकली तर काय होईल, की लॅपटॉप कंपनीने खास त्या मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हर बाजूला पडेल आणि विंडोजचा साधा ड्रायव्हर येऊन बसेल. तसं होऊ नये म्हणून मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या ड्रायव्हरची तारीख कायमची मागे ठेवून दिलीय. हे मायक्रोसॉफ्टच्याच रेमंड चेन यांनी २०१७ मध्ये समजावून सांगितलंय. खरं वय बघायचं तर त्याच टॅबमध्ये खाली व्हर्जन नंबर असतो, तो विंडोजच्या बिल्डबरोबर, म्हणजे आवृत्तीबरोबर, बदलतो.

आणि इंटेलने तर कमाल केलीय, त्यांच्या चिपसेटच्या (मदरबोर्डवरच्या मुख्य चिप्सच्या) काही एंट्रींवर तारीख असते १८ जुलै १९६८! त्या दिवशी इंटेल कंपनी सुरू झाली. तेव्हा विंडोज सोडा, मायक्रोसॉफ्टसुद्धा नव्हती. मेसेज लिहिणाऱ्याला ही सापडली नाही हे नशीब, नाहीतर '५० वर्षं जुना ड्रायव्हर' म्हणून अजून एक फॉरवर्ड आला असता.

स्पीड डबलचं म्हणाल तर घरचा कॉम्प्युटर रांगतो त्याची कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात, कमी रॅम, जुनी फिरणारी हार्ड डिस्क, आणि चालू झाल्या झाल्या उठून बसणारे दहा-बारा प्रोग्राम. कीबोर्डचा ड्रायव्हर नवा करून एक्सेल लवकर उघडत नाही. अपवाद ग्राफिक्सचा, तो मी मान्य करतो. इंटेलची आर्क नावाची ग्राफिक्स कार्डं २०२२ मध्ये आली तेव्हा डायरेक्टएक्स ९ या जुन्या ग्राफिक्स तंत्रावर बनलेल्या गेम्स त्यावर रडत होत्या आणि नंतरच्या ड्रायव्हरने खरंच मोठा फरक पडला. गेम खेळत असाल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर जरूर नवा ठेवा. पण ग्रुपवरच्या आत्या-मामांपैकी कोण गेम खेळतंय.

'विंडोज स्वतः अपडेट करत नाही' हे सरळ खोटं आहे. अपडेटमधून ड्रायव्हरही येतात, आणि जे आपोआप येत नाहीत ते विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स इथे यादीत पडलेले असतात. गंमत म्हणजे तिथे विंडोज स्वतःच सांगतं की काही ठरावीक प्रॉब्लेम असेल तर यातला एखादा उपयोगी पडेल, नाहीतर राहू द्या.

आता काका. त्या ॲपने स्कॅन करून लाल अक्षरात २३ ड्रायव्हर धोक्यात असल्याचं दाखवलं, काकांनी सगळ्यांवर टिक करून ओके दाबलं, रीस्टार्ट झाला आणि वायफाय गायब. हेडफोन लावले तरी आवाज स्पीकरमधूनच. मला फोन, "अरे, इंटरनेटच येत नाहीये, ड्रायव्हर कुठून उतरवू?" बरोबरच आहे, वायफायचा ड्रायव्हर आणायला वायफाय लागतं. शेवटी त्यांना म्हटलं मोबाइल केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं इंटरनेट केबलने लॅपटॉपला देणं) चालू करा, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन रोल बॅक ड्रायव्हर दाबायला लावलं, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत येतो. वायफाय आलं, साउंडचा मात्र लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर टाकून उतरवावा लागला, कारण लॅपटॉपमध्ये चिप तीच असली तरी जॅक, माइक, स्पीकरची जोडणी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने करते आणि ॲपने कुठलातरी सरसकट ड्रायव्हर ठोकला होता.

नवं ते चांगलंच असंही काही नसतं. मार्च २०१० मध्ये ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, काही कार्डांचा पंखा त्याने नीट चालेना आणि कार्डं तापायला लागली. २०१४ मध्ये यूएसबी जोडणीच्या चिप बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीचा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधूनच आला आणि त्याने त्यांच्या चिपच्या नकली कॉपी ओळखून बंदच पाडल्या. स्वस्तातले आर्डुइनो बोर्ड (हौशी इलेक्ट्रॉनिक्सचे छोटे सर्किट बोर्ड) आणि केबली घेतलेल्यांना ती चिप नकली आहे हे तोपर्यंत माहीतही नव्हतं.

व्हायरसच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, ड्रायव्हरमध्ये सिक्युरिटीची भोकं निघतात आणि ती बुजवणारे अपडेट टाळू नयेत. पण त्यातलंच एक उदाहरण बघा. २०१७ मध्ये एचपीच्या काही लॅपटॉपमधला कोनेक्झंट या कंपनीचा साउंड ड्रायव्हर तुम्ही दाबलेली प्रत्येक की एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवतो असं उघड झालं, पासवर्डसकट. आणि ते फाइलमध्ये लिहिणं जुन्या आवृत्तीत नव्हतं, २०१६ च्या नव्या आवृत्तीत आलं होतं. दुरुस्ती एचपीने दिली, कुठल्या एका क्लिकवाल्या ॲपने नाही.

काकांचा लॅपटॉप नंतर दिवाळीत हातात आला. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, जुनी हार्ड डिस्क घरघरत होती. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकली, ते ॲप उडवलं, आता अर्ध्या मिनिटात चालू होतो. काकांनी लगेच डिव्हाइस मॅनेजर उघडून नव्या कोऱ्या एसएसडीची तारीख बघितली, २१ जून २००६, आणि दुकानदाराने जुना माल दिला म्हणून मला परत फोन.