काउंटरवर ठरलेलं बाळ

२०२३ साली महाराष्ट्र सरकारनं महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, तेव्हा कर्नाटकानं आवाज चढवला: आमच्या हद्दीत तुमची योजना कशी? ब्रिटनमधल्या लेस्टरमध्ये बसून मीही व्हॉट्सॲपवर हिरिरीनं भांडले. योजना हवीच, त्यात दुमत नाही. पण उपचाराचे पैसे बंगळूरनं भरायचे की मुंबईनं, एवढ्यावरच आपला वाद संपतो. अवघड बाळंतपणात ठरवतं कोण, हे त्यात येतच नाही.

निपाणीकडच्या आमच्या एका वहिनीला अठ्ठाविसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. बाळ जेमतेम किलोभराचं. खासगी दवाखान्यात डॉक्टरांनी मामांना आणि दादाला काउंटरपाशी बोलावून काचेच्या पेटीचा रोजचा खर्च सांगितला, वर म्हणाले, "ग्यारंटी काय देता येत नाही, लवकर ठरवा." मामा मनात जमिनीचा हिशेब मांडायला लागले. बरोबर आलेल्यांपैकी कुणीतरी विचारलं, "मुलगा हाय की मुलगी?" वहिनी पलीकडच्याच खोलीत पडून होती. तिला कुणी काही विचारलं नाही. बाळ जगलं, आता शाळेत जातं, त्यामुळे घरात तो विषयच निघत नाही. मी एकदा काढला तर मामा म्हणाले, "तसल्या वेळी बाईला कशाला भ्या घालायचं?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण भीती वाटायची ती तिला वाटतच होती, फक्त माहिती नव्हती.

ब्रिटनमध्ये २७ आठवड्यांआधी होणाऱ्या जन्मांसाठी इथल्या नवजात-तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ साली एक चौकट घालून दिली. नुसते आठवडे मोजत नाहीत. बाळाचं वजन, जुळं आहे का, बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन मिळालंय का, हेही धरतात. धोका अतोनात असेल तर बाळाला त्रास होऊ नये एवढंच बघायचं, बेताचा असेल तर उपचार सुरू करायचे, आणि मधल्या कठीण पट्ट्यात आईवडिलांचं मत. शेजारच्या पंजाबी घरातल्या सुनेच्या वेळी मी होते. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून खाटेपाशी बसल्या, फोनवर दुभाषी घेतला आणि सासरेबुवांना गोड बोलून बाहेर थांबवलं. पैशाचा विषय निघालाच नाही.

म्हणून इथं सगळं आलबेल आहे असं नाही. कृष्णवर्णीय बायकांचा बाळंतपणातला मृत्युदर इथंही गोऱ्या बायकांच्या दुपटीहून जास्त आहे.

"तिकडं जमतं, इकडं एका डॉक्टरमागं पन्नास पेशंट," असं म्हणणाऱ्यांना मी बेळगावचंच उदाहरण देते. पहिलटकरणींना गरोदरपणाच्या सुरुवातीपासून रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊन पाहणारा सहा देशांतला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. जवळपास १२ हजार बायका त्यात होत्या आणि बेळगाव हे त्याचं एक केंद्र. गोळी मिळालेल्यांत मुदतीआधीची बाळंतपणं सुमारे ११ टक्क्यांनी कमी झाली. अशा अभ्यासात बाईची संमती तिला कळेल अशा भाषेत, समजावून घ्यावीच लागते. म्हणजे जगाला उपयोगी पडणाऱ्या गोळीसाठी आमच्या भागातल्या पोरीला विचारायचं, आणि तिच्या पोटच्या बाळाचं मात्र काउंटरवर ठरवायचं!

२०११ पासून केंद्राच्या योजनेत आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार, औषधं आणि गाडी फुकट आहे. मामांना त्या रात्री हे कुणी सांगितलं असतं तर जमिनीचा हिशेब निघालाच नसता. कर्नाटकात गरोदर बाईला मिळणाऱ्या तायी कार्डावर वजन, रक्तगट, लोहाच्या गोळ्या लिहितात, तेव्हाच आशाताईंनी सहाव्या महिन्यात बाईशी एकटीशी बोलावं: बाळ लवकर आलं तर नवजात अतिदक्षता विभाग जवळ कुठं, फुकट काय, तुझं म्हणणं काय. तिचं उत्तर तिच्या शब्दांत कार्डावर उतरवावं, कन्नडमध्ये किंवा मराठीत.