प्राप्तिस्थान: अज्ञात

गेल्या महिन्यात एका सरकारी वस्तुसंग्रहालयात गेले होते. मागच्या आवारात भिंतीला टेकवून सात-आठ वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, ओळीने उभे केलेत. त्यातल्या एकापाशी बराच वेळ थांबले. वरचं काम झिजलंय, पण खालच्या चौकटीतल्या गाई अजून स्पष्ट दिसतात. एकीने मान मागे वळवलीय. शेजारी पाटी: ‘वीरगळ. पाषाण. मध्ययुगीन. प्राप्तिस्थान: अज्ञात.’

ते शेवटचे दोन शब्द वाचून पोटात कालवलं. तो दगड काही आभाळातून पडलेला नाही. कुणीतरी तो एका गावातून उचलला, गाडीत घातला आणि इथे आणून उतरवला. उचलणाऱ्यांना गाव माहीत होतं, गाडीवाल्याला माहीत होतं, उतरवून घेणाऱ्यालाही बहुधा सांगितलं गेलं असेल. लिहून मात्र कुणीच ठेवलं नाही.

ज्यांनी वीरगळ नीट पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली बहुतेक वेळा पडलेला वीर, कधी त्याच्यामागे गाई. म्हणजे गोधन सोडवताना तो मेला. त्याच्या वर लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चालल्यात. आणि सगळ्यात वर तोच माणूस शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, माथ्यावर चंद्र-सूर्य. चार हात उंचीच्या दगडात एका माणसाचा शेवटचा दिवस आणि त्याच्या माणसांनी त्याच्यासाठी मागितलेलं सगळं काही असतं.

पण नाव नसतं. कर्नाटकात लेख कोरलेले वीरगळ पुष्कळ आहेत, आपल्याकडचे बहुतेक मुके. कोण होता, कुठल्या साली गेला, कुणाशी लढला, यातलं काहीच दगड सांगत नाही. मग त्याच्याबद्दल बोलणारी एकच गोष्ट उरते: तो उभा होता ती जागा. कुठल्या वेशीवर, कुठल्या खिंडीच्या तोंडाशी, कुठल्या देवळाच्या कोणत्या अंगाला. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला वीरगळ आहेत, त्यांवर जहाजांची लढाई कोरलीय. वल्ही मारणाऱ्यांच्या ओळी दिसतात. ते दगड किनारपट्टीवर आहेत म्हणूनच अभ्यासक त्यांचा संबंध शिलाहार-यादवांच्या काळातल्या आरमारी लढाईशी लावू शकले. तेच दगड ‘प्राप्तिस्थान: अज्ञात’ म्हणून कुठल्या आवारात पडले असते तर?

हे सगळं मी आज लिहितेय, कारण आमच्या गावी वेशीपाशी असे चार दगड होते.

होते. काही वर्षांपूर्वी देवळाचा जीर्णोद्धार झाला. जुनी दगडी ओवरी पाडली, आरसीसीचा सभामंडप झाला, ग्रॅनाइट बसला, वेशीपर्यंत पेव्हर ब्लॉक आले. चार दगड मध्ये येत होते. जेसीबीने ते काढले आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून देवळाच्या मागे नेले. मी त्या दिवशी तिथेच होते. मोबाइलवर फोटोही काढले, पण ते जेसीबीचे आणि नव्या कळसाचे. दगड आधी कुठे, कसे उभे होते याचा एकही फोटो माझ्याकडे नाही. आज त्यातले दोन देवळाच्या मागे आहेत, चंदेरी ऑइलपेंट लावलेले. तिसरा भरावात गेला म्हणतात. चौथ्याचं कुणालाच नक्की माहीत नाही.

यात कुणाचा हेतू वाईट नव्हता. वर्गणी काढून, रात्री जागून, मुंबई-पुण्याच्या माणसांना फोन करकरून गावाने ते देऊळ उभं केलं. रंगही प्रेमानेच लावला. पण ऑइलपेंटखाली ओल कोंडते आणि पापुद्रा सुटतो तेव्हा कोरीवकामाची कडही घेऊन जातो, हे त्यांना सांगायला कुणी आलं नाही. मीसुद्धा तोंड उघडलं नाही. मला तेव्हा माहीत नव्हतं, हे खरं. पण विचारावंसंही वाटलं नाही, हे जास्त खरं.

२०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. त्या दिवशी माझ्या यादीतल्या जवळजवळ प्रत्येकाने रायगडाचा फोटो टाकला. मीही टाकला. आनंदच झाला होता आणि तो खोटा नव्हता. पण त्या बाराखेरीज जे आहे त्याचं काय? बारव, पडका वाडा, शेताच्या बांधावरची सतीशिळा, माळ्यावरचं दप्तर यांच्यासाठी कुठलीही समिती परदेशातून येणार नाही. त्यांना माणूस मिळाला तर गावातलाच मिळेल.

आणि असे मिळालेतही. धाराशिव जिल्ह्यातलं तेर घ्या. तेरणेकाठचं हे गाव म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव येतं. पैठणहून आणि इथून माल भडोचच्या बंदरात जायचा. पावसाळ्यात पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती वाहून गेली की मणी, भाजक्या मातीच्या मूर्ती, नाणी, शंखाचे तुकडे वर येत. तेरचेच रामलिंगप्पा लामतुरे ते गोळा करत राहिले. शिक्षणाने पुरातत्त्वज्ञ नव्हते. वर्षानुवर्षं, घरात जागा पुरेना तरी. आज त्यांच्या संग्रहातून तेरला शासकीय संग्रहालय उभं आहे आणि त्याला त्यांचं नाव आहे. तिथल्या वस्तू तेरच्या म्हणूनच ओळखल्या जातात, कारण गोळा करणारा माणूस गावचाच होता. माझ्या मते त्यांची सगळ्यात मोठी कामगिरी हीच. त्या वस्तूंचं गाव सुटलं नाही.

उलट बाजू दायमाबादची. प्रवरेकाठचं हे ताम्रपाषाणयुगीन ठिकाण. १९७४ मध्ये तिथल्या एका भिल्ल माणसाला खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ, त्यात उभा माणूस. वजन सगळ्यांचं मिळून ६० किलोंच्या वर. असलं काही देशात फारसं कुठे नाही. पुढची काही वर्षं तिथे रीतसर उत्खननही झालं. तरीही त्या चार वस्तूंच्या काळाबद्दल विद्वानांचं आजवर पूर्ण एकमत नाही. काही जण त्यांना हडप्पा संस्कृतीच्या उतरत्या काळात नेतात, काहींना धातूच्या तपासणीवरून त्या बऱ्याच अलीकडच्या वाटतात. का? तर वस्तू मातीच्या कुठल्या थरात मिळाली यावरून तिचा काळ ठरतो, आणि त्या रीतसर उत्खननात, नोंदलेल्या थरात मिळालेल्या नाहीत. ज्या माणसाला सापडल्या त्याची यात चूक शून्य. त्याला थर म्हणजे काय हे कुणी कधी सांगितलं होतं? पण मातीतली ती एक रेघ हुकली आणि पन्नास वर्षं वाद चालू आहे.

कोकणातल्या कातळशिल्पांची गोष्ट मला म्हणूनच फार आवडते. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळांवर, जांभ्यात कोरलेले हत्ती, मासे, माणसं, न उलगडणाऱ्या चौकटी. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सोबती सडा अन् सडा पायाखाली घालत फिरले, आणि त्यांनी काय केलं? गुराख्यांना विचारलं. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. कारण त्या चित्रांची खबर सड्यावर गुरं नेणाऱ्याला कायम होती, फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं. कशेळीचा हत्ती एवढा प्रचंड आहे की त्याच्या पोटात सत्तरेक चित्रं मावलीत. उक्षीत हत्तीभोवती कठडा उभा राहिला तो गावाच्या सहभागातून. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. अजूनही काहींच्या शेजारी चिरेखाणी चालतात आणि चिरा काढायचं यंत्र वरचं चित्र बघत नाही, पण निदान आता कुठे काय आहे याची नोंद आहे. नोंद असली की भांडता येतं.

आता लोक का सांगत नाहीत, हेही बोलायला हवं. भीती. “सांगितलं की सरकार जमीन घेईल.” हे वाक्य मी चार वेगवेगळ्या गावांत ऐकलंय. १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, न कळवणं गुन्हा. हा धाक सगळ्यांना ऐकून माहीत असतो. त्याच कायद्यात सापडणाऱ्याच्या हक्काचीही तरतूद आहे आणि सरकारने वस्तू घेतली तर मोबदला द्यायचा असतो, हे मात्र कुणाला ठाऊक नसतं. ग्रामसभेत पाणीपट्टीच्या विषयानंतर दहा मिनिटं काढून तलाठ्याने किंवा ग्रामसेवकाने एवढं जरी समजावून सांगितलं तरी कितीतरी वस्तू रातोरात नदीत किंवा दलालाकडे जायच्या थांबतील.

आणि संग्रहालयांनीही जरा दार उघडावं. मी ज्या संग्रहालयाबद्दल लिहितेय तिथे दोन दालनं कुलूपबंद होती. विचारलं तर “साहेब आल्यावर.” वहीत अभिप्राय लिहायला जागा होती, पण माहिती द्यायची सोय कुठेच नव्हती. समजा त्या गाईवाल्या वीरगळाच्या गावचा माणूस उद्या तिथे आला आणि म्हणाला, ‘अहो हा आमचा दगड,’ तर तो कुणाला सांगेल? कुठल्या रजिस्टरात लिहिलं जाईल ते? पाटीखाली एक ओळ लिहायला काय हरकत आहे: ‘आपणास या वस्तूबद्दल काही माहिती असल्यास कार्यालयात जरूर कळवावी.’ मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने बसमध्ये संग्रहालय मांडून ते गावोगावच्या शाळांपर्यंत नेलं. मला वाटतं अशा बसने येताना दाखवावं आणि जाताना विचारून, लिहून न्यावं.

घरातल्या कागदांचंही हेच. मोडी लिपी आपल्या आजोबा-पणजोबांना शाळेत शिकवली जायची. आज घरात कुणाला वाचता येत नाही म्हणून रुमालात बांधलेली दप्तरं रद्दीत जातात. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून असल्याच कागदांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड उभे केले. तुमच्या माळ्यावर रुमाल असेल तर कृपा करून लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. आहे त्याच क्रमाने फोटो काढा. क्रम मोडू नका, कारण कुठला कागद कुणाच्या शेजारी होता यालाही अर्थ असतो. आणि एका चिठ्ठीवर लिहा की हा रुमाल कुणाच्या घरात, कुठल्या खोलीत, कुणाकडून आला. मोडी वाचणारी माणसं आज आहेत, वर्गही चालतात. कागद वाचणारा उद्या भेटेल. तो रुमाल कुठून आला हे सांगणारा उद्या असेलच असं नाही.

संग्रहालयातून आले त्याच्या पुढच्या रविवारी मी गावी गेले. शेजारच्या आजींना विचारलं. नव्वदीच्या आसपास असतील, नीट दिसत नाही. म्हटलं, आजी, वेशीवरचे दगड आठवतात का? त्या म्हणाल्या, “दगड नव्हं गं. मोठा हुता त्यो आमच्या थोरल्या घरचा माणूस. खिंडीतनं गुरं वळवून नेली, तवा ह्यो आडवा गेला. म्हणून त्याचं तोंड खिंडीकडं. माझी सासू पोळ्याला त्याला निवद ठेवायची.” बाकीच्या तिघांबद्दलही थोडं थोडं सांगितलं. एकाला त्या ‘सतीबाई’ म्हणाल्या. म्हणजे चौघेही वीरगळ नव्हते. मला आजवर हेही माहीत नव्हतं.

मग त्यांना हाताला धरून वेशीपर्यंत नेलं. त्यांची नात टेप घेऊन आली. पेव्हर ब्लॉकवर खडूने खूण करत मी विचारत गेले: इथे होता? त्यांनी काठी टेकवत टेकवत अंदाज घेतला, वेशीचा उजवा खांब हाताने चाचपला, मग तिथून पावलं मोजली. वहीत लिहिलं: उजव्या खांबापासून अकरा पावलं, तोंड खिंडीकडे. फोटो काढला, तारीख घातली. एक प्रत शाळेत दिलीय, एक ग्रामपंचायतीत. तिसरी संग्रहालयाच्या पत्त्यावर पाठवणार आहे.

वही मिटणार तेवढ्यात आजींनी काठीने माझी खडूची फुली पुसली. “इथं नव्हं पोरी. दोन हात अलीकडं. हितं चिंच हुती, तिची सावली पडायची त्याच्यावर.”

मी फुली दोन हात अलीकडे केली आणि चिंच वहीत लिहून घेतली.